वादी

बस स्टँडच्या भिंतीला लागून माझं दुकान,
म्हणजे एक पोतं, एक ऐरण आणि वर फाटकी छत्री.
धारूरातली माणसं मी खालून ओळखतो.
कोण टाच घासत चालतं, कोणाचा अंगठा आधी बाहेर येतो,
कोणाची चप्पल लग्नातली, अजून जपून.
वैजनाथ तिडक्याचा डावा पाय मात्र
माझ्याकडं पिशवीत येतो.

दर सहा महिन्याला.
घामानं बक्कल गंजतं, मांडीवरची वादी उसवते.
तो पायरीवर बसतो, पँट गुडघ्याखाली दुमडून,
मी पाय मांडीवर घेतो, रापी घासतो,
आणि स्टँडावरची लेकरं गाडी सोडून आमच्याकडं बघतात.

पहिल्यांदा आलता तेव्हा मी काही विचारलं नाही.
दुसऱ्यांदा त्यानंच विचारलं,
"ओली झाली तरी सुटत नाही ती गाठ कोणती?"
मी मारून दाखवली.
त्यानं दोनदा सोडली, दोनदा मारली.
म्हणला, "हीच मारली होती मी. नाव माहीत नव्हतं."
म्हणलं, हिला नाव नाही. बापाच्या हाताची आहे.

मग सांगत गेला. एका वादीला एक गोष्ट,
तीही अर्धी.

आपल्या बालाघाटाला डोंगर म्हणू नको, म्हणला,
ती जमिनीनं घेतलेली उशी आहे.
तिथं श्वाससुद्धा उसना.
रात्र, कडा, आणि दोर घेऊन सगळ्यात आधी हा.
वर पोचला, पाय टेकला,
टेकला तिथंच जमीन फुटली.

बूट दिसत होता म्हणे, चार हातावर,
चांदण्यात,
नाडी अजून नीट बांधलेली.

दुसऱ्या बुटाची नाडी काढली यानं,
गुडघ्याखाली आवळली,
दोर कमरेला घेतला, उरलेला पाय धोंड्याला लावला,
आणि दोनदा हिसका दिला खाली:
या.
पलीकडून गोळ्या सुरू झाल्या होत्या, अंधारात, अंदाजानं.
खाली अकरा जण लटकायची वाट बघत होते
याच्या कमरेला.

झोप येत होती. झोप म्हणजे दोर सुटणं.
म्हणून यानं आपला घाट धरला, तेलगावाकडून वर.
पहिलं वळण, ट्रक उलटला होता ते.
दुसरं, सीताफळवाल्या बसतात ते.
तिसऱ्याला आईला कायम उलटी व्हायची,
कंडक्टर शिव्या द्यायचा.
एका माणसाला एक वळण.
सातव्याला वळणं चुकली,
परत पायथ्यापासून धरली.
"एकाचा बूट माझ्या खांद्यावर पडला," म्हणला,
"सॉरी म्हणला रे तो. असल्या वेळी."
आणि हसला. इतका की मला आरी थांबवावी लागली.

अकरा वर गेले. मी विचारलं, खाली किती आले?
"दोन," तो म्हणला.
पण तेव्हा तो चहाच्या पोऱ्याकडं बघत होता,
पोऱ्यानं दोन ग्लास आणून ठेवले,
आणि मला अजून कळलेलं नाही
त्यानं नेमकं काय मोजलं.
परत विचारलं नाही.

गावात विचारतात, किती मारले?
हा म्हणतो, मी दोर धरला होता.
लोकांचं तोंड पडतं.
सव्वीस जानेवारीला शाळेत खुर्ची देतात त्याला,
खुर्ची रिकामीच राहते,
हा सगळ्या भाषणांना उभा.
शर्ट वर गेला की कमरेला वळ दिसतो,
बैलाच्या मानेवर जू ठेवून पडतो तसा.
कामून दाखवत नाहीस, म्हणलं एकदा.
"दाखवायला काय, तो काय बिल्ला आहे?"

वादी झाली. मी मेण लावलं, गाठ मारली.
वीस रुपये ऐरणीवर ठेवतो, नको म्हणलं की चिडतो.
पाय चढवतो, बक्कल लावतो,
वादी दोनदा हिसकून बघतो.

दर वेळी माझा हात आपोआप पोत्याला घट्ट धरतो.

मग तो उठतो. माजलगावची गाडी लागलेली असते.
पायऱ्या उंच आहेत तिच्या.
कंडक्टर हात देतो, हा घेत नाही.